एक डोकं जास्त

मला कुणी 'हवाई सुंदरी' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, सुंदरी कसली? ट्रे उचला, कुणाला मळमळलं तर पिशवी धरा, कानात घालायला कापूस वाटा, आणि वर चेहरा हसरा ठेवा. पण दिवस झोकात होते, हे खरं. लोक विमानाला यायचे ते नटूनथटून, इस्त्रीची घडी न मोडता. जाणारा एक, आणि पोचवायला अख्खं घर. विमानतळाच्या गच्चीच्या कठड्याला रुमालांची नुसती झुंबड.

त्या झुंबडीत माझा दादा असायचा. माझी प्रत्येक ड्यूटी त्याला पाठ. पण विमानात बसायचं? छे! "दार लागलं की माझा जीव गुदमरतो," म्हणायचा. घरच्यांसाठी मला फुकट तिकीट मिळायचं. दर वर्षी मी त्याच्या मागे लागायचे, "दादा, एकदा बस रे माझ्या विमानात." दर वर्षी त्याचं आपलं, "पुढच्या वर्षी नक्की." असं करता करता माझी नोकरी संपली, पंख्यांची विमानं भंगारात गेली, आणि गेल्या हिवाळ्यात दादाही गेला. ते एक मनात सलत राहिलं ते राहिलंच.

त्याच्या मुलाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे! बंद पडलेल्या विमानतळावरचं तसलंच एक जुनं विमान विकत घेऊन त्याने त्यात हॉटेल काढलं. मला म्हणाला, "आत्या, पोरींना तेवढं जुनं वळण लाव." लावलं. लिमलेटच्या गोळ्यांची थाळी कशी पुढे करायची, वाकून कसं बोलायचं. आणि मोजणी. दार लावायच्या आधी मधल्या वाटेने जायचं, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत डोकी मोजायची. आकडा जुळला तरच दार बंद. एक कमी भरलं तर थांबायचं, एक जास्त भरलं तर चुकून चढलेल्याला उतरवायचं. कप्तान स्वतः ओरडला तरी ऐकायचं नाही.

उद्घाटनाला दुपारी पाहुणे येऊन बसले. एका पोरीने मोजले, बरोबर होते. मग हौसेने मी मोजले. एक जास्त.

"म्हातारी झालीस, आत्या," पुतण्या हसला.

"गप रे, मोठा आला शहाणा," म्हणत मी पुन्हा मोजायला निघाले. शेवटच्या रांगेत, खिडकीशी, हात टेकला आणि तिथेच राहिला. खुर्ची रिकामी. पण तिची पाठ कोमट होती, आणि हलकेच थरथरत होती. दादा. दुसरं कोण असणार?

नियमाने त्याला उतरवायला हवं होतं. पाहुणे चुळबुळ करायला लागले होते. मी दाराशी गेले आणि म्हटलं, "आकडा बरोबर आहे." असलं खोटं मी अख्ख्या नोकरीत कधी बोलले नव्हते. मग दार लावून टाकलं.

पुतण्याने पंख्यांच्या आवाजाची टेप सुरू केली. घाबरट उतारू असला की उड्डाणाच्या वेळी आम्ही शेजारी बसायचो. मी त्या खिडकीशेजारी जाऊन बसले आणि हात पुढे केला. माझी बोटं इतकी घट्ट धरली गेली की अंगठी रुतली. भीतीने घाम फुटला, आणि खरं सांगते, आनंदाने रडूही आलं. "बसलास रे बाबा एकदाचा," मी म्हटलं.

संध्याकाळी पाहुणे उतरले. शिडीपाशी उभी राहून मी मोजले. जेवढे पाहुणे, तेवढीच डोकी.

पुतण्या कुलूप घेऊन आला. "चल, आत्या."

"आत एक जण आहे."

"झालं तुझं सुरू!" म्हणत तो दिवे मालवायला आत गेला. बाहेर आला तो पांढराफटक. लहानपणीसारखी माझी बाही धरून म्हणाला, "आत्या, बाबांनी हाक मारली. दार लावू नकोस म्हणाले."

मी वर त्या शेवटच्या खिडकीकडे पाहिलं.

"तू सांग ना त्यांना खाली यायला. तुझं ऐकतील."

"जन्मभर त्याला चढ, चढ म्हणत आले रे," मी म्हटलं, "आता उतर कोणत्या तोंडाने म्हणू?"

पुतण्याने कुलूप खिशात टाकलं, आणि शिडीच्या पायरीवर बसून तो हमसून हमसून रडला.