लेव्हलकाकांची बुटकी गाडी

टायरवाल्या बाईंनी चाक खोलून जमिनीवर आडवं टाकलं आणि त्याची आतली कड काकांसमोर केली. बाहेरून पाहिलं तर टायर अजून दोन वर्षं सहज निघाला असता. नक्षी शाबूत, रबर काळंभोर. आतल्या बाजूला मात्र पार टक्कल पडलं होतं आणि एका ठिकाणी तार डोकावत होती.

"काका, गाडी खाली कुणी घेतली?"

"मीच घेतली," काकांनी छाती पुढे काढून सांगितलं. आपली काही चूक पकडली गेली आहे, असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

लेव्हलकाका हे नाव त्यांना वसाहतीनं दिलं होतं. उभा जन्म त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका पातळीत आली पाहिजे, माणसाला पाऊल उचलावं लागता कामा नये, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर तो त्यांनी सगळ्या वसाहतीवर लादला. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग खुर्चीत टेकणार. डुगडुगत्या टेबलाखाली पुठ्ठा सरकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. लोक माघारी हसत, पण दार अडकलं की त्यांनाच हाक मारत.

दीड वर्षापूर्वी काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि गाडीत बसताना त्यांचा पाय उचलेना. काका वाकून तो दोन्ही हातांनी आत ठेवायचे, आणि फाटकापाशी उभे असलेले शेजारी तेवढा वेळ उगाच आभाळाकडे बघायचे. काकूंना ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी आधी बहिणीकडे जाणं सोडलं, मग घराबाहेर पडणंच सोडलं. तेव्हा काकांनी गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी चांगली चार बोटं खाली आणली. त्या दिवशी काकू आपल्या आपण गाडीत बसल्या, आणि काका शिट्टी वाजवत त्यांना गावभर फिरवून आले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण टायरपुढे त्यांचाही इलाज नव्हता. गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात आणि सगळा भार आतल्या कडेवर पडतो. अलाइनमेंट करून थोडंफार सुधारेल, पण या गाडीत सगळं सुधारणार नाही. मूळच्या स्प्रिंगा परत बसवा, नाहीतर नवे टायरही असेच संपतील. आणि हा असा टायर भर रस्त्यात फुटला तर काय कराल, असं त्यांनी विचारलं.

काका बधले नाहीत. गाडी वर गेली की बायको पुन्हा घरात बसणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. टायर लागतील तेवढे बदलीन, पण गाडी वर जाणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. वर पुरावाही दिला. हिला आता माझी गरजच लागत नाही; कुठेही पोचलो की म्हणते, तुम्ही पुढे व्हा, मी आलेच; मी दारात जाऊन उभा राहतो आणि ही मागून आपली आपण येते. हे सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे उतरताना तुम्ही त्यांना कधी बघितलंच नाही?"

मघाशी काका चौकशी करायला आत आले, तेव्हा बाई गाडीजवळच होत्या. काकू दार धरून दोनदा उठायला गेल्या आणि दोन्ही वेळा सीटवर आदळल्या. शेवटी बाईंनी हात दिला. यांना सांगू नका, एवढंच काकू म्हणाल्या होत्या, आणि बाईंनी मान डोलावली होती. पण काका हटूनच बसले, तेव्हा बाईंना राहवेना आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

काकू शेडच्या टोकाला पंख्याखाली मासिक चाळत बसल्या होत्या. काका तरातरा तिथे गेले.

"तुला उतरता येत नाही?"

काकूंनी आधी लांबूनच बाईंकडे एक नजर टाकली, मग मासिक मिटलं. "बसता छान येतं. उठता येत नाही. फार खाली जाते हो मी."

"आणि वर्षभर गप्प राहिलीस?"

"सुरुवातीला पाय खरंच उचलत नव्हता, तेव्हा मोठी सोय झाली. नंतर पाय सुधारला. पण तुम्ही येईल त्याला ती गाडी दाखवत होता. माझं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही धड जेवत नव्हता की बोलत नव्हता. गाडी खाली आली आणि पुन्हा शिट्टी मारायला लागलात. मग काय सांगणार होते मी?"

काकांना वर्षभरातली सगळी दारं आठवली. बहिणीचं, दवाखान्याचं, पुतणीच्या लग्नातल्या हॉलचं. प्रत्येक दारात ते ऐटीत उभे होते आणि मागे ही एकटी झटापट करत होती. त्यांना स्वतःचा राग आला, थोडा तिचाही आला.

पण हातावर हात धरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मूळच्या स्प्रिंगा घरी माळ्यावर आहेत, आजच आणतो, असं त्यांनी बाईंना सांगून टाकलं. मात्र या वेळी नुसत्या अंदाजावर काम करायचं नाही. त्यांनी कोपऱ्यातले दोन जुने टायर एकावर एक रचले, वर फळी टाकली आणि खिशातली टेप लावली. सीटची आत्ताची उंची त्यांना तोंडपाठ होती.

"इथे? लोकांसमोर?" काकू म्हणाल्या.

"लोक टायर बघायला आलेत. बस तू."

काकू बसल्या. उठायला म्हणून त्यांनी दोन्ही तळवे फळीवर रोवले, ओठ दाताखाली धरला, अर्ध्यावर आल्या आणि परत खाली बसल्या. काकांचे हात आपसूक पुढे झाले होते, ते त्यांनी मागे घेतले. नजर मात्र काढली नाही. एवढा त्रास होताना तिचा चेहरा असा दिसतो, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी काकूंना हाताला धरून उठवलं, फळीवर आणखी दोन फळ्या ठेवल्या आणि पुन्हा टेप लावली. ही गाडीची जुनी उंची. काकू पुन्हा बसल्या, पुढे झुकल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. साडीला लागलेली धूळ झटकत त्या म्हणाल्या, "झालं समाधान?"

"परत बस."

"आता कशाला? जमलं की."

"मला बघायचंय," काका म्हणाले.

काकू बसल्या आणि पुन्हा उठल्या.