दोन्हीकडे माणूस हवा

"काका, सगळीकडे 'अँड' घातलं तर बिघडतं काय? कोणी मरत तर नाही ना?"

बारक्या मावशीनं असं विचारताच हॉस्पिटलात साफसफाई करणाऱ्या बाकीच्या सात मावश्या खो खो हसल्या. रेकॉर्डकाकांच्या हातातला खडू तसाच राहिला. फळा म्हणजे फायलींच्या कपाटाचं लोखंडी दार. त्यावर बारक्या मावशीचंच वाक्य होतं : शी एट, अँड शी व्हॉमिटेड, अँड आय गेव्ह टॅब्लेट.

"मरत नाही," काका हळूच म्हणाले, "पण ही गोळी उलटी झाली म्हणून दिलीत, की आधी दिलीत आणि तिच्यामुळेच उलटी झाली?"

"उलटी झाली म्हणून! मी काय येडी आहे का आधी द्यायला?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला कसं कळावं?"

मावशी उठली. तिनं दुसरं 'अँड' बोटानं पुसून तिथं 'सो' लिहिलं. अक्षर वाकडं होतं, पण जागा अचूक होती.

"आता कळलं," उंच मावशी म्हणाली. "काका, तुम्ही उगाच फायलींत कुजलात."

काकांनी मान खाली घातली. एकतीस वर्षं ते हॉस्पिटलच्या तळमजल्यावर घरी गेलेल्या पेशंटच्या फायली लावत होते. त्याआधी एकदा, तरुणपणी, इंग्रजीचे मास्तर व्हायला गेले होते. नमुन्याचा तास घ्यायला वर्गासमोर उभे राहिले आणि घशातून आवाजच फुटला नाही. चाळीस पोरं, दोन परीक्षक आणि ते. शेवटी खडू टेबलावर ठेवून घरी आले. फायलींसमोर बोलावं लागत नाही, म्हणून इथं टिकले.

पण फायली वाचायचे. "खाल्लं. उलटी झाली. गोळी दिली. ताप आला." अशी सुटी सुटी वाक्यं, एकमेकांना ओळख न देणारी. ती वाचून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. काय कशामुळे झालं हे लिहायला कोणालाच वेळ नव्हता. म्हणून हॉस्पिटलनं जेव्हा जाहीर केलं, की परीक्षा घेऊन एका मावशीला वॉर्ड सहायक करणार, तिनं पेशंटजवळ बसायचं आणि त्याचा दिवस वहीत इंग्रजीतून लिहायचा, आणि या आठजणी "काका, शिकवा ना, तुम्ही ओरडत नाही" म्हणत दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही.

तीन महिने, रोज दुपारी पाळी बदलायच्या आधी अर्धा तास. साधी वाक्यं करायला दोन आठवडे गेले, आणि उरलेल्या दिवसांत शिकवलं काय, तर अँड, बट, सो, ऑर. चार शब्द! 'यापलीकडे आपल्याला खात्रीनं येतं तरी काय,' असं ते रोज घरी जाताना स्वतःला म्हणत.

समजावून सांगायची रीत मात्र त्यांना इथंच सापडली होती. "हा शब्द म्हणजे स्ट्रेचर," ते सांगत. "दोन्हीकडे माणूस हवा. स्वतःच्या पायांवर उभा राहणारा. एका बाजूला अख्खं वाक्य आणि दुसरीकडे नुसता हात लावलाय, असं केलं तर पेशंट पडणार."

"आणि दोन्हीकडचे बुटके-उंच असले तर?" बारक्या मावशीनं उंच मावशीकडे बघत विचारलं होतं.

"तर पेशंट घसरून तुझ्याच अंगावर येणार," उंच मावशीनं उत्तर दिलं होतं, आणि त्या दिवशी पुढचं काही शिकवणं झालं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मोठ्या सिस्टर खाली आल्या. वॉर्डाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी दहा वाक्यांच्या छापील कागदाच्या आठ प्रती काढून आणल्या होत्या.

"हे पाठ करून घ्या त्यांच्याकडून. पेशंट नीट जेवला, नीट झोपला, त्यानं आभार मानले. कुठलाही प्रश्न आला तरी चालतंय. तुमचं ते अँड-बट छान आहे हो काका, पण परीक्षा उद्या आहे."

त्या गेल्या आणि काकांचा धीर सुटला. सिस्टरचं काय चुकलं? आपल्या हौसेपायी या बायकांचं नुकसान झालं तर? त्यांनी प्रती वाटल्या. सातजणींनी निमूट घेतल्या. बारक्या मावशीनं कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"यातला पेशंट माझा नाही, काका."

"मावशी, हट्ट करू नका. पुढच्या वर्षी तुम्ही वयात बसणार नाही. ही शेवटची संधी आहे."

"माहितीये. बावीस वर्षं फरशी पुसून गुडघे गेलेत, ते रोज आठवण करून देतात." तिनं पदर खोचला. "तीन महिने शिकवलंत, आणि आज तुम्हीच घाबरलात होय? मी नाही घाबरले."

 त्या रात्री घरी काका ताटासमोर नुसते बसून राहिले. बायको म्हणाली, "परीक्षा त्यांची आहे ना? मग ताट तुमचं का गार होतंय?"

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली, आणि तासाभरात परीक्षक बाई रेकॉर्ड रूममध्ये आल्या. बाहेरच्या कॉलेजातल्या. मागे मोठ्या सिस्टर.

"यांना शिकवलं कोणी?"

"मी," काका उभे राहिले. "त्यांची काही चूक नाही. मला शिकवण्याचा अनुभव नाही."

"प्रश्न होता, आज सकाळी सांभाळलेल्या एका पेशंटबद्दल लिहा. सातही पेशंट नीट जेवले, नीट झोपले आणि आभार मानून मोकळे झाले. इतकं छान चाललंय तर हॉस्पिटल उघडं कशाला ठेवलंय?" बाईंनी आठवा कागद पुढे केला. "हा वाचा. मोठ्यानं."

मोठ्यानं! काकांनी कागद हातात घेतला. अक्षर ओळखीचं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज कापत होता, पण निघत होता. बारक्या मावशीचं इंग्रजी त्यांना वाचता वाचताच मराठीत ऐकू येत होतं :

'नऊ नंबरच्या आजी दोन दिवस जेवल्या नाहीत, पण त्यांना भूक होती. त्यांची कवळी खणात होती आणि ती कोणी दिली नव्हती. मी सिस्टरना सांगितलं, पण डॉक्टरांचा राउंड चालू होता, म्हणून मी कवळी धुतली आणि त्यांना दिली. त्यांनी अर्धी वाटी सूप प्यायलं आणि दोन घास पाव खाल्ला. आता त्यांना विचारायला हवं, की रात्री कवळी खणात ठेवायची की पाण्यात.'



"त्यांच्या फायलीत 'खाण्यास नकार' लिहिलंय," मोठ्या सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "आज संध्याकाळी नाकातून नळी घालायची ठरली होती." आणि त्या जवळजवळ पळतच वर गेल्या.

"स्पेलिंगं नऊ चुकलीत," परीक्षक बाई कागद परत घेत म्हणाल्या. "पण कुठली गोष्ट कशामुळे झाली, यात मला एकदाही अडखळावं लागलं नाही. तुम्ही कुठल्या शाळेत होता?"

"कुठल्याच नाही."

"शाळेचं नुकसान झालं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

काका खुर्चीत बसले. मग लक्षात आलं, की आपण एक अख्खा कागद दोन माणसांसमोर मोठ्यानं वाचला.

जागा बारक्या मावशीला मिळाली. उंच मावशीनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तीच खाली येऊन म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी माझा नंबर. तो पाठांतराचा कागद पुन्हा दाखवलात तर बघा."

आठवड्यानं एका जुन्या फायलीवर सही हवी म्हणून काका वर गेले. वॉर्डात राउंड चालू होता. दारातून त्यांना दिसलं, की डॉक्टर एका खाटेपाशी वही घेऊन उभे आहेत आणि शेजारी बारकी मावशी आहे.

"इथं 'बट' का लिहिलंय?" डॉक्टर विचारत होते.

"कारण ते बरं वाटतंय म्हणतात, पण डाव्या कुशीवर वळत नाहीत," मावशी म्हणाली. "दोन्ही खरं आहे."

डॉक्टरांनी वही बाजूला ठेवली आणि ते खाटेवरच्या पेशंटची डावी बाजू हलक्या हातानं दाबून पाहू लागले.

काकांनी सही मागितली नाही. ते बाहेर येऊन बाकावर बसले. तिथं आधीच एक बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली.

"आत कोण आहे तुमचं?"



"माझी विद्यार्थिनी."

"अगं बाई! बरी आहे ना आता?"

"उत्तम आहे," काका म्हणाले, आणि राउंड संपेपर्यंत फाईल मांडीवर घेऊन ताठ बसून राहिले.