चौदा घड्याळांचा कान

घड्याळं एकूण तेवीस होती. किल्लीची, गजराची, तळहाताएवढी, सेकंदकाटा नसलेली. काच शाबूत असलेली एकोणीस, दोन्ही काटे जागेवर असलेली बावीस, किल्ली दिल्याबरोबर चालू होणारी तीन. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात खोलीचा क्रमांक होता, कारण ती एका बंद पडलेल्या लॉजमधून आली होती. खोल्या पंचवीस. चार आणि नऊ नंबरची घड्याळं पाहुण्यांनी पळवली, असं मॅनेजर म्हणाला.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तू घ्यायच्या, साफ करायच्या, विकायच्या, असं वर्षभर चाललं होतं. आधी इस्त्र्या, मग टेबलफॅन, मग ही घड्याळं. रॉकेल, मऊ ब्रश आणि सुईच्या टोकावर मावेल इतकंच तेल, एवढ्यावर सतरा चालू झाली. चार सुट्या भागांसाठी ठेवली. दोन गंजून एकजीव झाली होती.

हा सगळा खटाटोप बाबांच्या कानासाठी होता. एकतीस वर्षं छापखान्यात मशीनशेजारी उभं राहिल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. डॉक्टरांच्या तपासणीत उजव्या कानाचं नुकसान पासष्ट डेसिबल निघालं, डाव्याचं अठ्ठ्याहत्तर. बाबांनी तो कागद वाचला आणि निदान केलं, "त्यांचं मशीन बिघडलंय." त्यांच्या मते त्यांना सगळं ऐकू येत होतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. टीव्ही मात्र जिन्यातून वर येतानाच ऐकू यायचा.

कानाचं यंत्र घेणार आहोत हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. "त्यापेक्षा गॅलरीला जाळी बसव," हे उत्तर मला तोंडपाठ होतं. एका कानाच्या यंत्राचे अर्धे पैसे इस्त्र्या-पंख्यांतून जमले होते. उरलेल्या अर्ध्यासाठी चौदा घड्याळं विकावी लागणार होती. त्यातली आठ प्रयोगशाळेतल्या लोकांनीच घेतली. राहिली सहा. इथवर सगळं सुरळीत होतं, कारण इथवर गिऱ्हाईक घरी आलं नव्हतं.

घरी आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे प्राथमिक शाळेतल्या एक बाई. मुलांना काटे फिरवून वेळ शिकवायची होती, म्हणून त्यांना घड्याळं हवी होती नेमकी सहा! मी ती टेबलावर मांडली. बाई पर्समध्ये हात घालतायत तोच बाबा आतून आले, चष्मा कपाळावर सरकवला, आठ नंबरचं घड्याळ उचलून कानाला लावलं आणि मान हलवली.

"बंद आहे हे."

"बाबा, चालू आहे."

"हे पण बंद आहे." दुसरं उचललं. "बाई, हिच्या बोलण्यावर जाऊ नका. पोरगी हुशार आहे, पण मशीनमधलं तिला काय कळतंय? मशीन बोलतं. ऐकणारा कान लागतो."

"काटे आत्ताच लावलेत ना, म्हणून वेळ बरोबर दिसतेय," अशी पुस्तीही त्यांनी जोडली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि पर्स मिटली. "विचार करून कळवते," म्हणाल्या. विचार करून कुणी कळवत नाही.

"अहो, पण चालू होती ती!" आई ओरडली.

"कोण आजारी होती?" बाबा म्हणाले.

आईने आणि मी एकमेकींकडे पाहून हात टेकले.

पुढचं गिऱ्हाईक यायचं होतं तेव्हा आईने त्यांना भाजी आणायला पाठवलं. दहा मिनिटांत परत आले. पिशवी विसरली होती. समोर एक चष्मेवाला तरुण घड्याळ हातात घेऊन उभा. त्यालाही सगळं तेच: कान, मान, बंद आहे. त्याला पाठवून झाल्यावर मला ऐकवलं, "चार पैशांसाठी लोकांना फसवायचं? आपल्या घरात हे कधी झालं नाही."

हे मला! जी प्रत्येक घड्याळाचा चोवीस तासांतला फरक वहीत लिहून गिऱ्हाइकाला दाखवते, तिला!

मी प्रयोगशाळेत असताना त्यांनी माझी चूक सुधारायलाही घेतली. सात नंबरचं 'बंद' घड्याळ उघडलं. चालू घड्याळाची ताणलेली स्प्रिंग मोकळी केली की काय होतं ते मला आईने सांगितलं: एक चाक फ्रिजखाली सापडलं, एक सापडलंच नाही. बाबांचा अंगठा कापला होता. वर म्हणत होते, "बघ, मी म्हटलं नव्हतं, यात काही दम नाही?"

उरलेल्या नऊ चालू घड्याळांतली आठ राहिली. रविवारी सकाळी माझा संयम संपला. मी टीव्ही बंद केला, टेबलावर पाच घड्याळं ओळीने ठेवली आणि कागद-पेन त्यांच्या हातात दिलं. तीन चालू होती. दोन सुट्या भागांसाठी ठेवलेल्यांपैकी, ठार बंद.

"चालूपुढे बरोबरची खूण करा, बंदपुढे फुली," मी जवळ जाऊन ओरडले.

"परीक्षा घेतेस काय माझी?"

"हो."

त्यांनी मन लावून एकेक घड्याळ उजव्या कानाला लावलं. पाच फुल्या केल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "नापास," म्हणाले. "म्हणजे तू."

मी म्हटलं, "बारा नंबर परत बघा." त्यांनी चिडून ते उचललं, हलवायला म्हणून मुठीत घट्ट धरलं, आणि तसेच थांबले. मशीनचं बेअरिंग सैल झालंय का ते बघायला ते छापखान्यात तळहात टेकवून उभे राहायचे. लहानपणी डबा द्यायला गेल्यावर मी पाहिलं होतं. चेहरा तसाच झाला होता. मग त्यांनी बारा नंबर परत कानाला लावलं. परत मुठीत धरलं. परत कानाला.

"डोळे मिटून हातानेच सांगा," मी म्हटलं, आणि घड्याळांची जागा बदलली. त्यांना बहुतेक ऐकू गेलं नाही, पण डोळे त्यांनी आपणहून मिटले. तीन डावीकडे ठेवली, दोन उजवीकडे. पाचपैकी पाच बरोबर.

ते अंगठ्यावरची पट्टी कुरवाळत बसले.

"त्या शाळेच्या बाईंना मी..."

"हो."

"आणि तो चष्मेवाला?"

"त्यालाही."

मला वाटलं आता रागावतील, किंवा घड्याळांवर काहीतरी खापर फोडतील. ते उठले, आत गेले, बाहेर जायचा शर्ट घालून आले. "बाईंचा पत्ता दे."

"आज रविवार आहे. शाळा बंद असते." मी बोटाने कॅलेंडर दाखवलं.

"मग फोन लाव."

"फोनवर तुम्हाला..." मी थांबले.

"तू ऐक. मी बोलतो."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला. बाबा नळावर भांडायच्या आवाजात बोलले. आमच्या इमारतीत तीन मजले आहेत आणि तिन्ही मजल्यांनी ते ऐकलं.

"बाई, मी घड्याळवालीचा बाप. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. घड्याळं चालू आहेत. मला ऐकू येत नाही."

आईने गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

पलीकडून बाई काहीतरी हळू बोलल्या. मी कागदावर लिहून दाखवलं: 'सहाही अजून आहेत का?'

"आहेत," बाबा गरजले. "पण आठ नंबरचं आठवड्याला चार मिनिटं पुढे जातं, ते आधीच सांगतो!"

मी कपाळावर हात मारला. चार नव्हे, तीन मिनिटं. माझ्या वहीत चोरून वाचलं होतं, तेही चुकीचं.

बाईंनी सोमवारी शाळा सुटल्यावर येऊन सहाच्या सहा नेली, आठ नंबरसकट. पैसे हातात आल्यावर मी बाबांना ते कशासाठी आहेत ते सांगितलं, तेही कागदावर लिहून. त्यांनी दोनदा वाचलं. "जाळीचं काय?" एवढंच विचारलं, आणि गुरुवारी यंत्र घ्यायला माझ्याबरोबर आले.

घरी परतल्यावर मी खिडक्या लावल्या, फ्रिजचं बटण बंद केलं आणि टेबलाच्या कडेला मोजपट्टी चिकटवली. बाबा डोळे मिटून बसले. मी खोली बाराचं घड्याळ लांबून जवळ आणत गेले. टिकटिक ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा. उजवा कान, यंत्राशिवाय: शून्य, म्हणजे टेकवूनही नाही. यंत्रासह, तीन वेळा: एक्केचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस सेंटिमीटर. सरासरी बेचाळीस पूर्णांक सात.