किसिव्याचा फुंडी

पंखे थांबले तसा हॉलमध्ये एकदम उकाडा दाटला. माइक बंद पडला आणि फादर लेस्लींचं वाक्य अर्धंच राहिलं. "गेली लाइट," असं कुणीतरी सवयीने म्हणालं. बायकांनी गायनाची पुस्तकं हातात घेऊन वारा घालायला सुरुवात केली. व्यासपीठावर चार खुर्च्या मांडल्या होत्या. एक फादरांची. दुसरीवर जेसिका तुस्कानो, तिसरीवर तिची तेरा वर्षांची मुलगी रेनिता. चौथी रिकामी होती. सत्काराची शाल खुर्चीवर टाकून जेसिकाचा नवरा मर्विन केव्हाच मागच्या दाराने बाहेर पडला होता.

हॉलच्या मागे, विहिरीजवळच्या केळींच्या आडोशाला जनरेटर होता. मंडप आणि लाइटचं काम करणारा आत्माराम त्यावर वाकला होता. मर्विन आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे.

"सेल्फ मारतोय, पण घेत नाही," आत्माराम म्हणाला. "जुनं मशीन आहे. होईल चालू."

मर्विनने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. फिल्टरजवळचा नट ढिला केला, हातपंप मारला. फसफस करत हवा बाहेर पडली आणि मागोमाग डिझेलची चिळकांडी त्याच्या नव्या पांढऱ्या शर्टावर उडाली. नट आवळून त्याने सेल्फ मारला. तिसऱ्या वेळेला मशीन धडधडलं, काळा धूर केळींवर गेला आणि आतून टाळ्यांचा आवाज आला.

मर्विन भिंतीला टेकून खाली बसला. पाना अजून त्याच्या मुठीत घट्ट होता.

"अरे बाबा, नुसते पंखे आहेत," आत्माराम हसत म्हणाला. "पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय कोण मेलं नसतं."

मर्विनने मान खाली घातली. आत्माराम त्याच्याकडे बघत राहिला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, पण काहीतरी चुकलं हे कळलं. "पाणी आणतो," म्हणून तो हॉलकडे गेला.

आत माइक सुरू झाला होता. फादरांचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होता. "...आणि आनंदाची गोष्ट म्हणजे आपलं हे तुस्कानो कुटुंब येत्या जूनमध्ये आणखी तीन वर्षांसाठी किसिव्याच्या मिशनला जाणार आहे." पुन्हा टाळ्या. या खेपेला जास्त जोरात.

तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा गेले तेव्हा मर्विनला कुणी मागितलं नव्हतं. दक्षिण टांझानियातल्या मिशनच्या छोट्या इस्पितळाला ऑपरेशन थिएटरची नर्स हवी होती. जेसिकाचा हात थिएटरमध्ये बसलेला, शिवाय तिच्या मनातही ते कधीपासून होतं. पत्रात 'कुटुंबासह' असा शब्द होता, म्हणून मर्विन गेला. वसई पूर्वेच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. शिफ्ट संपली की नंदाखालला घरी, रविवारी चर्चला, सुट्टीच्या दिवशी वाडीत वडिलांच्या हाताखाली. निरोपाच्या प्रार्थनेला त्या वेळचे फादर त्याला म्हणाले होते, "तूसुद्धा तिथे काहीतरी मदत कर."

किसिव्याला पोचल्यावर आठ दिवसांत त्याने पाण्याचा पंप चालू केला. मग निर्जंतुकीकरणाचं मशीन, मग लहान मुलांच्या वॉर्डातलं ऑक्सिजनचं यंत्र. पंधरा दिवसांनी तो बाजारातून चालला होता तेव्हा कुणीतरी मागून हाक मारली, "फुंडी!" फुंडी म्हणजे कारागीर, हाताला विद्या असलेला माणूस. मग सगळेच त्याला फुंडी म्हणू लागले. शाळेची पोरं, बिशपांचा ड्रायव्हर, पलीकडच्या मशिदीचे मौलवीसुद्धा आपला रेडिओ घेऊन यायचे. जेसिकाला लोक विचारत, तुम्ही फुंडीच्या घरच्या ना? रात्री जेवताना ती हे सांगायची आणि तिघंही हसायचे. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मर्विन कधी एवढा ताठ चालला नव्हता.

दुसऱ्या वर्षी नाताळच्या आधी त्याला जनरेटरचा डिझेल फिल्टर बदलायचा होता. नवा फिल्टर कपाटात होता. शनिवारचं काम. पण शनिवारी त्याने बांबू चिरून चर्चसाठी पुरुषभर उंचीचा तारा केला, वसईत करतात तसा, आत दिवा लावून. मुलं दिवसभर त्याच्याभोवती होती. फिल्टर सोमवारी बदलू, असं त्याने ठरवलं. सोमवारी सकाळी तो पाना घेऊन निघाला तोच गावची वीज गेली. थिएटरमध्ये नीमा नावाच्या अडलेल्या बाईचं ऑपरेशन चालू होतं. गाळाने तुंबलेला फिल्टर, त्यात हवा धरलेली. जनरेटर चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. थोड्या वेळाने थिएटरचं दार उघडलं आणि एक आया कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून बाहेर आली. तिच्या चालण्यावरून मर्विनला कळलं.

त्याने कुणाला काही विचारलं नाही. त्यालाही कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे पाचला उठून जनरेटर तपासू लागला, आणि फेब्रुवारीत घरी परतल्यावरही त्याला पाचला जाग येतच राहिली.

"शर्टची वाट लावलीस," जेसिका म्हणाली. ती पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. मग तिने त्याच्या मुठीतला पाना पाहिला. "काय झालं रे?"

"मी नाही येणार, जेसी."

"कुठे?"

"किसिव्याला. तू जा. रेनिताला न्यायचं असेल तर ने. फादरांना मी सांगतो. मी नाही येणार."

नव्या साडीचा विचार न करता जेसिका विहिरीच्या पायरीवर बसली. "एवढं काय झालं?"

"त्या बाळाला मी मारलं," मर्विन म्हणाला.

"कुठल्या बाळाला?"

हिने असं विचारावं, हे त्याला फार लागलं. "नाताळच्या आधी, सोमवारी. लाइट गेली होती तेव्हा. नीमाचं बाळ." आणि मग त्याने सगळं सांगितलं. फिल्टर, कपाट, शनिवार, तारा. इतके महिने मनात घोळवून घोळवून ते त्याला पाठ झालं होतं. बोलताना तो अडखळलाही नाही. "तारा करत बसलो म्हणून," असं म्हणून तो थांबला.

जेसिकाने हातातला ग्लास पायरीवर ठेवला.

"मर्विन, ते बाळ आधीच गेलेलं होतं."

त्याने मान वर केली.

"दोन दिवस कळा देत होती ती घरी. दिराने सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणली. मीच पोटाला नळी लावली. ठोके नव्हते. डॉक्टरांनी परत बघितलं. साडेआठला मी माझ्या हाताने कागदावर लिहिलं. लाइट गेली पावणेदहाला." तिचा आवाज नर्सचा झाला होता, एकेक गोष्ट मांडून ठेवणारा. "आम्ही ऑपरेशन करत होतो ते नीमाला वाचवायला."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"अशा गोष्टीत मी खोटं बोलेन?"

ती तसं बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"आणि काळोखात? अकरा मिनिटं?"

"मी नाही मोजली. खिडकीचा पडदा काढला, दोघींनी मोबाइलची टॉर्च धरली. रक्त ओढायचं मशीन पायाने चालवलं. डॉक्टर शिव्या देत होते, पण हात थांबले नाहीत त्यांचे. तू चालू केलंस तेव्हा टाके घालत होतो. वाचली की ती. पुढे मक्याची कणसं घेऊन नव्हती का आली? तुला शोधत होती, फुंडी कुठाय म्हणून."

"मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो होतो."

"मला वाटलं तू कामात आहेस."

जनरेटर धडधडत होता. आत आता मुलांचं गाणं चाललं होतं. मर्विनने ग्लास उचलला, पण पाणी न पिता तो तसाच धरून ठेवला.

"का नाही सांगितलंस मला?"

"मला वाटलं तुला माहितीये. सगळ्या इस्पितळाला माहीत होतं." मग ती हळू म्हणाली, "तू का नाही विचारलंस?"

इस्पितळातलं मरण घरात आणायचं नाही, रेनिताच्या देखत तर नाहीच, असा नियम त्यांनी गेल्या गेल्या केला होता. नियम चांगला होता. तो त्यांनी नीट पाळला होता.

मर्विन पाणी प्यायला. मग तो रडला, पण थोडंच. त्यापेक्षा जास्त वेळ तो नुसता श्वास घेत बसला, खोल पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. जेसिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाला डिझेलचा वास येत होता.

"मग आता येशील?" तिने विचारलं.

त्याने खरोखरच विचार केला. "तुला जायचंय?"

ती साडीच्या काठाला लागलेली माती झटकत राहिली. "खरं सांगू? नाही. मी दमलेय, मर्विन. फार दमलेय. रेनिता आठवीत जाईल. बाबा शहात्तरचे झाले."

"मग फादरांना हो का म्हणालीस?"

"हो कुठे म्हणाले? बघू म्हणाले. आणि ते तुझ्यासाठी. तिथे तू कसा चालायचास. इथे आलास, परत कारखान्यात कार्ड पंच करायला लागलास आणि तोंडच मिटलंस. मला वाटलं तुला तिथली ओढ लागलीये. म्हटलं, ह्याच्यासाठी काढू आणखी तीन वर्षं."

"आणि मला वाटलं तुझं मन तिथं आहे. मी नाही म्हटलं तर तुझं मोडेल."

जेसिका हसायला लागली. हसताना तिचे डोळे पुसायला पदर पुरेना. आत्माराम पाणी घेऊन कोपऱ्यावर आला होता. नवरा-बायकोला असं बसलेलं पाहून तो तसाच मागे फिरला.

"तिथे फुंडी होतो मी," मर्विन थोड्या वेळाने म्हणाला. "इथे कोण विचारतो."

"नाही विचारत," ती म्हणाली. तिने त्याची समजूत घातली नाही. त्यालाही ते बरं वाटलं.

जेवायला घरी आले तेव्हा दीड वाजला होता. मर्विनने बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. रेनिताने ते पाहिलं. हात धुऊन तो पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवा झाला, आणि शर्ट बदलायच्या आतच त्याला झोप लागली.

मर्विनचे वडील प्लासिड यांना दिवसा झोपलेला माणूस सहन होत नसे. वाडीत सोनचाफा आणि केळी, दोन्ही सांभाळणारा तो माणूस. पाहुणा असला तरी चार वाजता ते त्याच्या उशाशी भांडी वाजवायचे. मिशनला जाण्याच्या ते विरोधात होते. पहिले सहा महिने फोनवर फक्त नातीशी बोलले होते. गेले दोन महिने मुलगा पहाटे काळोखात वाडीत एकटा फिरतो, हे ते ओट्यावरून बघत होते. त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

जेसिकाने स्वयंपाकघरात त्यांना सगळं थोडक्यात सांगितलं. जूनमध्ये जायचं नाही, हेही सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग भिजून मोड आलेल्या वालांची परात उचलून तो ओट्यावर जाऊन बसला.

चार वाजले. साडेचार वाजले. रेनिता मैत्रिणीकडे निघाली. तिने चपला हातात घेतल्या आणि फाटकाबाहेर जाऊन पायात घातल्या.

पाचच्या सुमाराला फादर लेस्ली स्कूटरवरून आले. प्लासिडने लांबूनच हात केला तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्कूटर ढकलत आत आणली.

"मर्विन आहे?" त्यांनी विचारलं. "माझी चूक झाली, प्लासिडकाका. नीट विचारायच्या आधीच मी माइकवर बोलून बसलो. जेसिकाचा चेहरा पाहिला आणि लक्षात आलं. त्याची माफी मागायला आलोय. आणि काय ते विचारायलाही."

"झोपलाय तो," प्लासिड म्हणाले.

"आत्ता?" नंदाखालमध्ये सगळ्यांनाच म्हाताऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. फादरांनी उघड्या दारातून आत पाहिलं. मर्विन पालथा झोपला होता, एक हात खाटेखाली लोंबत होता आणि बोटांच्या पेरांत अजून काळं डिझेल होतं. पाठ संथपणे वरखाली होत होती.

"उठवायचा नाही," प्लासिड म्हणाले. "तो उठला की तोच सांगेल. घाई असेल तर उद्या या."

"घाई नाही," फादर म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

जेसिकाने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मग प्लासिडने वालांची परात मध्ये सरकवली. फादरांनी झग्याच्या बाह्या वर केल्या आणि एकेक वाल चिमटीत दाबून सोलायला घेतला. सोललेले दाणे स्टीलच्या पातेल्यात टणटण पडू लागले. प्लासिडने एकदा खोलीकडे पाहिलं, खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली आणि पातेल्याच्या तळाशी घातली.