धाब्याची गल्ली

रूपाने एकच शब्द लिहिला आणि अख्खी गल्ली हायवेवर निघाली!

धरणगावच्या पुढचं तिचं गाव, जुन्या बाजाराचं. मे महिन्यात तिथे सावलीसुद्धा चटके देते. म्हणून उन्हाला तोंड देणारा गावाचा आराखडा करायचं ठरलं आणि पाहणीचं काम नगरपालिकेची इंजिनियर म्हणून रूपाकडे आलं. आपल्या काकूच्या गल्लीपुढे तिने सहज लिहून टाकलं, 'सगळे धाबे.' धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, हे खानदेशात कुणाला सांगावं लागतं?

पण आराखडा करणारे नाखवे साहेब समुद्रकाठचे. भरतीपासून जुनी शहरं वाचवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी आपले जेवणाचे धाबे धरले. भट्ट्यांनी गल्ली तापते म्हणून नकाशात सगळे धाबे हायवेला हलवले आणि मागे ठेवला सिमेंटचा वाहनतळ. काकूच्या शेजारच्या झुलालआबांनी हे ऐकून हायवेवरच्या आपल्या हॉटेलचं नावही ठरवलं होतं, घ्या!

रूपाने मात्र घड्याळ पाहिलं. नकाशा सकाळी हातात पडला आणि मंजुरीची सभा त्याच दुपारी. काकूचं घर जाणार, तेही हिच्या शब्दापायी. बरं, नुसतं समजावून काय होणार? मातीचं घर म्हटलं की साहेब लोकांना आधी बुलडोझर आठवतो. तेवढ्यात गाडीतून उतरलेल्या साहेबांनीच विचारलं, की एखाद्या धाब्यावर जेवता येईल का. ती म्हणाली, चला.

काकूच्या, म्हणजे भिकुबाईच्या, घरात पाऊल टाकताच साहेब थबकले. लाईट गेलेली, पंखा बंद, तरी अंगावरचा घाम निवला. एसी कुठे लपवलाय म्हणून ते कोपरे बघू लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी पुढे आली. दोन घास खाऊन ते म्हणाले, छान आहे, पण तुमचा धाबा कुठे?

भिकुबाईने बोट वर केलं. "धाबं ते वर शे, भाऊ. तू खाले जेव."

साहेबांनी वर पाहिलं. आडव्या लाकडी सऱ्या, त्यावर मातीचा जाड थर. मग ते इतके हसले की ठसकाच लागला.

रूपा हसली नाही. "साहेब, चूक माझ्या शब्दाची आहे," ती म्हणाली, "पण घर काकूचं जाईल."

साहेबांनी पाणी पिऊन हात धुतले आणि सभाच त्या घरात बोलावली. धाबे राहतील, गळके असतील ते दुरुस्त होतील, स्लॅबच्या घरांवर पांढरा चुना लागेल, असं तिथेच ठरलं. रूपाचा जीव भांड्यात पडला. एकटे झुलालआबा तेवढे फुगून बसले. जुन्या नकाशाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं.

"बसवा धाब्यावर," साहेब म्हणाले.

भिकुबाईने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तो लांबलचक नकाशा धाब्यावर अंथरलेला होता, कोपऱ्यांवर दगड ठेवून, आणि वाहनतळाच्या जागेवर उडदाचे पापड वाळत होते.