पाच थेंब

ठकूच्या मांडीवर लस टोचून झाली. कंपाउंडरनं कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि एक करकरीत चिठ्ठी पुढे केली.

"घ्या वहिनी, तुमचीच करणी!"

करणी तिचीच होती. मजकूर डॉक्टरीणबाईंचा, छपाई कोपऱ्यावरच्या छापखान्याची, पण मुद्रितं तपासली होती तिनं. ठकू झाल्यापासून ती घरी बसून हेच काम करायची. लस टोचलेल्या बाळाला ताप आला तर काय करायचं, एवढंच त्या चिठ्ठीत होतं. ती कौतुकानं वाचायला लागली आणि चौथ्या ओळीवर थांबली.

'ताप असल्यास पाच थेंब दर दोन तासांनी. ताप पाहावा.'

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, 'ताप असल्यास पाच थेंब. दर दोन तासांनी ताप पाहावा.' म्हणजे औषध एकदाच. दोन तासांनी बघायचा तो नुसता ताप. आणि इथं? दिवसातून बारा वेळा औषध, तेही तीन-चार महिन्यांच्या जिवाला.

"आई," तिनं शेजारी बसलेल्या सासूबाईंची बाही ओढली. "टिंब पुढे गेलंय."

सासूबाईंनी चष्मा लावून ओळ वाचली. त्यांची अख्खी नोकरी छापखान्यात वाचक म्हणून झालेली. सुनेच्या कामात त्या मूळ प्रत मोठ्यानं वाचायच्या, विरामचिन्हांसकट, आणि सून छापलेल्या ओळीवरून बोट फिरवायची. पूर्णविराम आला की त्या "टिंब!" म्हणून ठकूच्या बेंबीत बोट खुपसायच्या आणि ठकू खदखदायची. पुढे पुढे तर झोपेतही तिला तो शब्द कळायचा, लगेच पाय झाडत जागी व्हायची. ही चिठ्ठी तपासली त्या दुपारी ठकूचा रडून रडून नुकता कुठे डोळा लागलेला. सासूबाई कुजबुजल्या होत्या, "आज टिंबं गाळते गं. एवढीशी तर चिठ्ठी." आणि तिनं मान डोलावली होती.

"सकाळपासून किती वाटल्या?" तिनं कंपाउंडरला विचारलं.

"अकरा. का हो? एका टिंबानं काय आभाळ कोसळतंय?"

"वाचा. मोठ्यानं वाचा."

तो गालातल्या गालात हसत वाचायला लागला. 'तासांनी'पाशी थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चिठ्ठी घेऊन आत गेला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "वही आण. एकेक नंबर लाव."

कंपाउंडर आकडे सांगायचा, त्या फोनवर बोलायच्या, आणि ती समोर उभी राहून त्यांचा चेहरा वाचायची. एका बाळाला तापच नव्हता. एकाला एकदा दिलं होतं. एका आजीबाईंनी औषधाचं बूचही उघडलं नव्हतं, "आमच्या वेळी कुठे होती असली थेरं!" त्या आजीबाईंचे पाय धरावेत असं तिला वाटलं. दहा जण झाले. अकरावा फोन बंद.

"सकाळचा पहिलाच नंबर," कंपाउंडर म्हणाला. "साडेआठला गेली ती बाई. पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला."

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. तिनं मनात हिशेब केला आणि तो मध्येच सोडून दिला.

"मी जाते."

"ठकूला माझ्याकडे दे," सासूबाई म्हणाल्या. पण तिचे हातच सुटेनात. पोरीला छातीशी धरून ती तशीच पळत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर बेल दाबून दाबून तिचं बोट दुखलं. दार किलकिलं झालं. विस्कटलेल्या केसांची, तिच्याच वयाची एक बाई.

"अहो, हळू! फोनसुद्धा बंद करून ठेवलाय मी त्याच्यासाठी."

"औषध दिलंत? किती वेळा?"

"दोनदा. आता तिसऱ्यांदा..." तिच्या हातात औषधाची नळी होती, भरलेली.

"देऊ नका! चिठ्ठी चुकली आहे. एकदाच द्यायचं होतं. बाळ कुठाय?"

नळी बाईच्या हातातून पडली आणि ती आत धावली. पाळण्यातलं बाळ हललं नाही. बाईनं त्याला उचललं, गाल थोपटले, हाक मारली. मान कलली. बाईनं तळपायाला चिमटा काढला, दुसऱ्यांदा जोरात काढला, तेव्हा कुठे त्यानं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला.

ठकूला सावरत तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रडतोय ना? घेऊन या लगेच. झोपू देऊ नका."

बाई चपला शोधत होती. एकच सापडली, तीही तिनं तिथंच टाकली. "कोणी लिहिलं हे असलं?"

"लिहिलं होतं बरोबर," ती म्हणाली. "तपासलं मी."

बाईनं तिच्याकडे बघितलं, तिच्या कडेवरच्या ठकूकडे बघितलं.

"मग चला. डॉक्टर सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही तुम्ही."

"नाही हलत."

पुढे ती बाई, मागे ही, अशा दोघी जिना उतरल्या. बाळ खांद्यावर भोकांड पसरून रडत होतं. दुसऱ्या मजल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला, तशी ती पाठीमागून जवळजवळ किंचाळली, "जागं ठेवा हो त्याला, रडू दे!"