पुजलेला पाना

खंडेनवमीच्या सकाळी अंगणात आले, तर माझ्या मोटरसायकलला साडीगार्ड बसवलेलं होतं.

साधंसुधं नाही. चकचकीत स्टीलच्या नळ्यांचं, मागचं अर्धं चाक झाकून टाकणारं, आणि वर कुणाच्या तरी हौसेनं लाल रेडियम चिकटवलेलं. त्याच्याजवळच मागं बसणाऱ्यासाठी नवंकोरं पायदान. गाडी धुऊनपुसून उभी, हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. मी ही गाडी घेतली ती मुरुमाच्या टेकड्या आणि गोट्यांनी भरलेले ओढे चढायला. अशा वाटेवर साडीगार्ड म्हणजे पायातला खोडा. दगड त्यात अडकतो, बाभळीची फांदी अडकते, आणि तोल जाऊन पाय खाली टेकवला की घोटा अडकतो. गाडी आणली त्या आठवड्यातच मी मूळचं गार्ड काढून माळ्यावर टाकलं होतं. हे दुसरंच होतं, मुद्दाम विकत आणलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सौदामिनी. नांदेडला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. वय एकोणपन्नास. बालाघाटचे डोंगर फळ्यावर काढण्यात माझा जन्म गेला, पण त्यातल्या एकाही टेकडीवर मी कधी पाय ठेवला नव्हता. गेल्या वर्षी लातूरला पेपर तपासायला निघाले होते. अहमदपूरच्या अलीकडं एसटी बंद पडली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. शेजारच्या टेकडीवर मोटरसायकली चढत होत्या. रस्ता नाही, पायवाट नाही, सरळ मुरुमावरून. एक गाडी खाली आली, हेल्मेट निघालं आणि आतली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही?"

ती पंचशीला, माझी जुनी विद्यार्थिनी. आता लातूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि रविवारी अशा गाड्या चालवायला शिकवते. "बसून बघता का?" म्हणाली. बसले. त्या दिवशी पेपर तपासायला मी उशिरा पोचले आणि चुकून सगळ्यांना चांगले मार्क दिले.

मग शिकायला लागले. या गाडीवर बसायचं नसतं, पायदानांवर उभं राहायचं असतं, हे मला आधी कळलं. मांड्या भरून आल्या, कोपरं सोलली, गुडघे काळेनिळे झाले. स्टाफरूममध्ये जो तो विचारायचा, "मॅडम, या वयात?" जणू आधीच्या वयात मला कुणी गाडी आणून दिली होती आणि मीच नको म्हणाले होते. माझ्याहून मोठे सर रोज संध्याकाळी ढेरी सांभाळत क्रिकेट खेळतात, त्यांना कुणी वय विचारत नाही.

एक चढण मात्र अजून व्हायची होती. गाढवचढ म्हणतात तिला. अर्ध्यात गेलं की मागचं चाक गोट्यांवर घसरायचं आणि मी आडवी. खंडेनवमीला पंचशीलाचा ग्रुप टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची पूजा करतो आणि मग चढतो. आज ती चढण चढायची असं मी ठरवलं होतं. रजा टाकली होती. आणि अंगणात हे साडीगार्ड.

माझे यजमान माधवराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"हे काय बसवलंय गाडीला?"

"साडीगार्ड." पेपर खाली आला नाही. "दुपारी मृत्युंजय येऊन राहिला मुदखेडहून. त्याच्या बायकोला मागं बसावं लागतं ना."

मृत्युंजय त्यांच्या ऑफिसातला. "त्याच्या बायकोचा माझ्या गाडीशी काय संबंध?"

"अगं, गाडी त्यालाच देऊन टाकू. आज बघंल, उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन जाईल. घरगुती माणूस हाय, नीट सांभाळंल."

म्हणजे माझी गाडी विकली गेली होती आणि मला ते स्टीलच्या नळ्यांवरून कळत होतं.

"कुणी ठरवलं?"

आता पेपर खाली आला. "तुझ्याच काळजीनं करून राहिलो मी. हातपाय मोडून घेतलेस तर कोण बघंल?"

काळजी. या एका शब्दानं माझं काय काय नेलं ते मला पाठ आहे. उदगीरच्या कॉलेजची नोकरी गेली, कारण रोजचं जाणं-येणं, काळजी वाटते. विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला जाणं बंद झालं, कारण मुक्काम, काळजी वाटते. दरवेळी आवाज असाच मऊ, दरवेळी मीच समजून घ्यायचं. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी भांडलं की आपणच वाईट ठरतो. मला त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की वाईट ठरायला काय हरकत आहे.

"गाडी माझी हाय," मी म्हणाले.

"कागदावर नाव माझं हाय."

ते खरं होतं. आमच्याकडं घर, गॅस, फ्रीज, माझी स्कूटीसुद्धा माधवरावांच्या नावावर. पैसे कुणाचेही असोत. ही गाडी माझ्या पगारातून घेतली, पण शोरूममधल्या माणसानं "नाव कुणाचं टाकू" असं विचारलं ते माधवरावांकडं बघून, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. मी शेजारच्या खुर्चीवर चहा पीत बसले होते. आमच्या घराण्यात एकाही बाईच्या नावावर गाडी नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलेलंही नाही.

मी तिथून उठले ते पाने शोधायला. गार्ड काढायचं आणि निघायचं. पान्यांचा डबा जागेवर नव्हता. तेव्हा लक्षात आलं, आज खंडेनवमी.

देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर विळी, कात्री, कोयता, खुरपं, पक्कड आणि माझे पाने ओळीनं ठेवलेले, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. शेजारी माझे सासरे आप्पासाहेब उदबत्ती लावत होते. आमच्याकडं एकदा हत्यारं पुजली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. गावातलं एकही गॅरेज आज पाना उचलणार नव्हतं. आणि हे माधवरावांना चांगलं ठाऊक होतं. गार्ड काल संध्याकाळी का बसवलं, ते मला आत्ता कळलं. आज ते निघणार नाही, निघालं नाही तर मी टेकडीवर जाणार नाही, आणि उद्या गाडीच नसेल. भांडण नाही, तंटा नाही, देवाच्या अंगावर टाकून मोकळे.

मी वळून बघितलं. ते दारात उभे होते आणि तोंडावर समजूतदार हसू होतं. त्या हसण्यानं माझं उरलंसुरलं डोकं फिरलं.

मी पाटासमोर बसले, फुलं बाजूला केली आणि लागणारा पाना उचलला.

"सौदामिनी," आप्पासाहेब म्हणाले. उदबत्ती त्यांच्या हातात तशीच राहिली. "पुजलेलं हाय ते."

"हाव आप्पा. जपून वापरते."

"आजच्या दिवशी हत्यार उचलायचं न्हाई पोरी. वरीसभरात घरात काही वाईट झालं म्हंजी?"

"माझ्या नावावर लावा. दुसरं काही माझ्या नावावर न्हाईच."

आप्पासाहेबांनी उदबत्ती खोचली. माधवरावांचं हसू गेलं.

अंगणात मांडी घालून मी गार्डचे बोल्ट काढले. बोटं कुंकवानं लाल झाली. शेजारच्या गच्चीवरून दोघीजणी बघत होत्या, बघोत. मागच्या पायदानाचे बोल्ट मात्र हलेनात. त्याची अडचण नव्हती, दुमडून ठेवलं. गार्ड आत नेलं आणि पाटावर, पान्याच्या रिकाम्या जागी ठेवलं. पाना खिशात टाकला, बूट चढवले, गुडघ्याचे पॅड बांधले.

"मृत्युंजय आल्यावर काय सांगू त्याला?" फाटकापाशी माधवराव म्हणाले.

"जेवायला वाढा," मी म्हणाले आणि निघाले.

लोहा गेलं, माळाकोळी गेलं, तरी हेल्मेटमध्ये माझं भांडण चालूच होतं. जी उत्तरं घरात सुचायला हवी होती ती सगळी रस्त्यात सुचली. पायथ्याशी पूजा उरकली होती. पंचशीलानं माझ्या गाडीला कुंकू लावलं, प्रसादाचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी कुणाशी न बोलता गाढवचढाला गाडी घातली.

ॲक्सिलरेटरची मूठ पिळली ती त्या साडीगार्डची आठवण ठेवून. इंजिन ओरडलं, मागच्या चाकानं गोटे उडवले, गाडी पुढून उचलली आणि मी उजव्या अंगावर आदळले. नडगीवरून कळ डोक्यात गेली.

पंचशीला वर चढत आली. गाडी उभी करायला हात लावत म्हणाली, "मॅडम, कुणाला मारायला निघालात?"

मी सगळं सांगितलं. तिथंच, मुरुमात बसून. ती शेजारी बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी असते तर लई शिव्या दिल्या असत्या. राग असू द्या तुमचा. पण मुठीत नका ठेवू, चाक फिरतं नुसतं. पायात उतरवा."

"म्हणजे?"

"उभ्या राहा आणि पायदान दाबून धरा. बाकी गाडीला करू द्या."

पुन्हा खालून सुरुवात केली. दुसऱ्या गियरमध्ये, हळू. मी पायदानांवर उभी राहिले आणि सगळा संताप टाचांत घातला. इथं उदगीर, इथं सहली, इथं "कोण बघंल". चाक घसरलं, मी मूठ पिळली नाही. हँडल डावीकडं ओढलं गेलं, मी ओढू दिलं. जिथं दरवेळी पडायचे तो पांढरा दगड आला आणि चाकाखालून निघून गेला. मग गोटे संपले, गवत आलं, आणि पुढं चढायला काही उरलं नाही.

इंजिन बंद केलं. खाली अहमदपूरची घरं, वाकत गेलेला रस्ता, आणि चहूकडं त्या टेकड्या, ज्या मी इतकी वर्षं खडूनं काढल्या. मला फार आनंद झाला. आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा राग आला, की उद्या ही गाडी मुदखेडला कुणाच्या तरी अंगणात भाजीची पिशवी लटकवून उभी राहणार होती आणि मी ते समजून घेणार होते.

घरी पोचले तेव्हा मृत्युंजय आणि त्याची बायको सुकन्या बाहेरच्या खोलीत बसलेले होते. जेवणं झाली होती. माझ्या बुटांचा मुरूम फरशीवर पडला. सुकन्यानं खिडकीतून मुरुमानं माखलेली गाडी बघितली आणि मग माझ्याकडं.

"वहिनी, कुठपर्यंत चढवली?"

"टोकापर्यंत."

"घेऊच या आपण ही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी चालवीन." मृत्युंजय घाईघाईनं उठला.

"गाडी द्यायची न्हाई," मी म्हणाले. "गैरसमज झाला यांचा. पण हे तुमच्यासाठीच आणलं होतं, घेऊन जा." देवघरासमोरचं साडीगार्ड आणून मी त्याच्या हातात दिलं. त्याला एक फूल अजून चिकटलेलं होतं. ते घेऊन तो बिचारा गेला. सुकन्या जाता जाता गाडीच्या सीटवरून हात फिरवून गेली.

दार लागल्यावर माधवराव म्हणाले, "चार माणसांत माझी काय किंमत ठेवलीस?"

"तुम्ही मला विचारलं न्हाई. मी पण विचारलं न्हाई."

"मला खरंच काळजी वाटते गं."

"वाटू द्या. माझ्यापाशी बसून वाटू द्या. माझं काही विकून नका वाटून घेऊ."

मी पाना खिशातून काढला, रुमालानं पुसला आणि पाटावर त्याच्या जागेवर ठेवला. आप्पासाहेब उठून आले. मी काही ऐकून घ्यायच्या तयारीत होते. त्यांनी करंड्यातून चिमूट घेतली, पान्याला पुन्हा हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि त्यांच्या खोलीत निघून गेले.

नडगी ठणकत होती. मी खुर्चीवर बसले आणि बूट काढायला लागले.

"उद्या दसरा, ऑफिसं बंद," मी माधवरावांना म्हणाले. "परवा उघडतील. परवा रजा टाका."

"कशाला?"

"आरटीओत जायचंय. गाडी माझ्या नावावर करायला तुमची सही लागंल."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग विचारलं, "रिक्षानं जायचं?"

"कशाला रिक्षा? मी चालवते, तुम्ही मागं बसा. पायदान तुम्हीच बसवलंय."